वैमानिकाचा शब्द आणि यंत्राची नोंद : आभासी विमान कंपन्यांतील स्वयंचलित नामंजुरीचा इतिहास

संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हौसेने विमान चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन उभारलेल्या, प्रत्यक्षात एकही विमान किंवा एक पैशाचाही पगार नसलेल्या, परंतु वेळापत्रक, ताफा, हुद्दे आणि शिस्तीचे नियम मात्र खऱ्या कंपनीच्या धर्तीवर बाळगणाऱ्या संस्थेला आभासी विमान कंपनी म्हणतात. अशा कंपनीत कमावण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे उड्डाणाचे तास; त्या तासांवर बढती मिळते, मोठी विमाने चालवण्याचा अधिकार मिळतो आणि सहकाऱ्यांत मान मिळतो. तास जमा होतात ते प्रत्येक उड्डाणानंतर वैमानिकाने सादर केलेल्या अहवालावरून. या वर्तुळात त्या अहवालाला ‘पायरेप’ म्हणतात. खऱ्या विमानवाहतुकीत हे नाव वैमानिकाने वाटेत अनुभवलेल्या हवामानाच्या खबरीला आहे, हौशी मंडळींनी ते सबंध उड्डाणाच्या अहवालाला लावले. अहवाल मंजूर झाला की तास खात्यावर चढतात, नामंजूर झाला की ते उड्डाण झालेच नाही असे धरले जाते. हा निवाडा माणसाने न करता आधी लिहून ठेवलेल्या नियमांनी करावा, ही पद्धत गेल्या दोन-अडीच दशकांत रूढ झाली. ती रूढ होताना आभासी कंपन्यांनी खऱ्या विमानवाहतुकीतील मोजमापे उचलली, पण त्या मोजमापांच्या वापरावर तिथे जे बंधन घातलेले आहे ते मात्र उचलले नाही, आणि या पद्धतीतील बहुतेक तंट्यांचे मूळ तिथेच सापडते.

वैमानिकाच्या नुसत्या शब्दावर विसंबू नये ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाच्या नियमांखाली विक्रम नोंदवायचा तर दाव्याला पुरावा जोडावा लागे, आणि बॅरोग्राफ हे त्या पुराव्याचे नेहमीचे साधन होते. हवेच्या दाबातील चढउतार फिरत्या दंडगोलावरील कागदावर रेघेच्या रूपाने उमटवणारे हे यंत्र उड्डाणापूर्वी सीलबंद केले जाई आणि उतरल्यावर अधिकृत निरीक्षकासमोरच उघडले जाई. मध्ये कुठे गुपचूप उतरलेल्या वैमानिकाची रेघ जमिनीच्या पातळीला टेकलेली दिसे. मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहेतीस तासांचे एकट्याचे उड्डाण केले, तेव्हा वजन वाचवण्यासाठी त्याने रेडिओदेखील बरोबर घेतला नव्हता, पण सीलबंद बॅरोग्राफ मात्र विमानात होता.

प्रवासी विमान कंपन्यांत हाच प्रश्न पगाराच्या निमित्ताने उभा राहिला. अमेरिकी कंपन्यांत वैमानिकाचा मेहनताना विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटावर लागेपर्यंतच्या वेळेवर ठरत असे आणि त्या वेळा कळवत असे तो खुद्द वैमानिकच, रेडिओवरून. १९७८ साली अमेरिकेतील एरिंक या दळणवळण संस्थेने ‘एकार्स’ नावाची यंत्रणा सुरू केली, तेव्हा तिचे पहिले काम चार क्षण आपोआप टिपून जमिनीवर धाडण्याचे होते : फलाट सोडणे, जमीन सोडणे, जमिनीला टेकणे आणि फलाटाला लागणे. दरवाजे बंद असून पार्किंग ब्रेक सुटला की पहिला क्षण, चाकांच्या दांड्यावरील विमानाचा भार हलका होऊन तिथला स्विच सुटला की दुसरा, अशा साध्या खुणांवर ती चालत असे. पुढे या यंत्रणेवरून हवामान, इंजिनाची प्रकृती आणि मार्गाच्या परवानग्याही जाऊ-येऊ लागल्या, परंतु तिचा जन्म वेळेच्या हिशेबातून झालेला होता. हौशी कंपन्यांनी आपल्या नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला नेमके एकार्स हेच नाव दिले. त्यांनाही हिशेब तासांचाच ठेवायचा होता.

ब्रूस आर्टविक यांनी रचलेला सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये आयबीएमच्या घरगुती संगणकासाठी विकायला काढला, पण आभासी कंपन्या उभ्या राहिल्या त्या १९९० च्या दशकात, इंटरनेट घरोघर पोचू लागल्यावर. त्या काळातला अहवाल म्हणजे ईमेलने पाठवलेल्या चार-सहा ओळी असत, किंवा संकेतस्थळावरील एक अर्ज असे : उड्डाण क्रमांक, कुठून कुठे, कोणते विमान, किती वेळ, किती इंधन. व्यवस्थापक, जो स्वतःही पदरमोड करून राबणारा हौशीच असे, तो हे अहवाल वाची, वेळ आणि अंतर यांचा ढोबळ मेळ घाली आणि मंजुरी देई. लबाडीला मोकळे रान होते. सिम्युलेटरमधील काळ चौपट वा सोळापट वेगाने पळवून आठ तासांचे उड्डाण तासाभरात उरकता येई, ऑटोपायलट लावून रात्रभर झोपता येई आणि मुळात विमान न उडवताच अर्ज भरता येई. त्याला आळा म्हणून एखादी कंपनी दिवसाला अमुकच अहवाल घेई, एखादी मध्येच उलटतपासणी करी. तरीही एकंदर व्यवहार भरवशावर चाले, आणि सभासद थोडे असून एकमेकांना ओळखत असत तोवर तो ठीक चालला.

१९९७ च्या सुमारास उदयाला आलेल्या सॅटको या हौशी हवाई नियंत्रकांच्या जाळ्याने, आणि त्याच्याच पडझडीतून २००१ साली उभ्या राहिलेल्या व्हॅटसिमने, पहिला त्रयस्थ साक्षीदार पुरवला. या जाळ्यांवर उडणाऱ्या विमानाची जागा आणि उंची सर्व्हरला सतत कळत असे आणि ती माहिती खुली असल्यामुळे कंपनीला आपल्या वैमानिकाचे सांकेतिक नाव त्या वेळी खरेच आकाशात होते का, हे पडताळता येई. मात्र एकट्याने, जाळ्याबाहेर उडणाऱ्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच, आणि अशांची संख्या नेहमीच मोठी होती.

त्यावरचा उपाय ब्रिटिश प्रोग्रामर पीट डॉसन यांच्या एफएसयूआयपीसी या जोडप्रोग्रामने शक्य केला. सिम्युलेटरच्या स्मृतीतील आकडे बाहेरच्या प्रोग्रामला वाचता यावेत म्हणून त्याने प्रत्येक आकड्याला एक ठरलेला पत्ता दिला. ०३६६ या पत्त्यावर विमान जमिनीवर असेल तर १, हवेत असेल तर ०. ०सी१ए या पत्त्यावर काळाचा वेग २५६ पटीत, म्हणजे नेहमीच्या गतीला २५६ आणि दुप्पट गतीला ५१२. ०२६४ वर सिम्युलेटर थांबवून ठेवला आहे की नाही, याची खूण. ०३०सी या पत्त्यावर विमानाची उभी गती सेकंदाला मीटर या मापात, तीही २५६ ने गुणलेली, आणि त्यातली मेख अशी की विमान हवेत असेतोवरच हा आकडा बदलतो, चाके टेकली की तो गोठतो. तिथे उणे ७८० दिसले तर २५६ ने भागून आणि मिनिटाला फूट या मापात बदलून उत्तर जवळजवळ ६०० येते. एफएसएकार्स, एक्सप्लेन सिम्युलेटरसाठीचा एक्सएकार्स आणि त्यांच्या मागोमाग आलेले असे अनेक प्रोग्राम हे पत्ते ठराविक अंतराने वाचत, नोंदवही भरत आणि उड्डाण संपल्यावर ती कंपनीच्या सर्व्हरकडे धाडत. वैमानिकाने सांगायचे असे फारसे उरलेच नाही.

नोंद यंत्राची झाल्यावर निवाडाही यंत्राकडे जाणे ओघानेच आले, कारण सभासद वाढलेल्या कंपनीत रोजचे अहवाल वाचून संपवणे हे कोणालाही नकोसे काम होते. २००० च्या दशकाच्या अखेरीस पीएचपीव्हीएमएस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आले आणि स्वतःचा प्रोग्राम लिहू न शकणाऱ्यालाही आभासी कंपनी चालवता येऊ लागली. त्याच्या सातव्या आवृत्तीत अहवालाची अवस्था चालू, प्रलंबित, मंजूर, नामंजूर, रद्द अशा ठरलेल्या कप्प्यांत असते. एकार्सने आलेला अहवाल आपोआप मंजूर व्हावा का आणि हाताने भरलेला व्हावा का, हे हुद्द्यागणिक वेगवेगळे ठरवता येते. साहजिकच नवख्याचा अहवाल माणसाच्या नजरेखालून जातो आणि कप्तानाचा थेट खात्यावर चढतो, अशी उतरंड बऱ्याच ठिकाणी मांडली जाते. थोड्या मिनिटांच्या अंतराने तोच अहवाल पुन्हा आला तर तो दुबार म्हणून ओळखण्याची सोयही त्यात आहे. मंजूर झालेला अहवाल मागाहून फिरवला तर चढलेले तास वजा होतात. त्यावर नामंजुरीचे नियम बसवले जातात ते कंपनीच्या मगदुराप्रमाणे : अवतरणाची उभी गती अमुकहून जास्त, गुणांकन अमुकहून कमी, काळाचा वेग वाढवलेला, इंधनाचा आकडा अशक्य, विमान ठरलेल्या विमानतळाऐवजी भलत्याच ठिकाणी उतरलेले.

यांपैकी अवतरणाच्या नियमाइतका गाजलेला आणि वादग्रस्त नियम दुसरा नाही. मिनिटाला ५०० वा ६०० फूट ही सीमा आभासी कंपन्यांत वारंवार आढळते. या आकड्याला आधार नाही असे म्हणता येत नाही, कारण मोठ्या विमानांच्या रचनेविषयीच्या अमेरिकी नियमांत चाकांचा सांगाडा अवतरणाच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट, इतक्या उभ्या गतीचा आघात सोसेल असा असावा लागतो. परंतु त्याच नियमात उड्डाणाच्या कमाल वजनाला ही मर्यादा सेकंदाला ६ फूट, म्हणजे मिनिटाला ३६० फुटांवर येते. वजन न पाहता एकच आकडा लावणारा नियम अर्धाच उतरवून घेतलेला असतो : इंधन न सांडता परत फिरलेले जड विमान ४०० ला टेकले तर तो नियम ते बिनबोभाट मंजूर करतो आणि हलके झालेले विमान ६१० ला टेकले तर फेटाळतो.

आकडा कसा मोजला, हा आणखी वेगळा प्रश्न आहे. सेकंदाला एकदाच पत्ता वाचणारा प्रोग्राम चाके टेकण्याच्या क्षणी नव्हे, तर त्याच्या काही अंश आधी वा नंतर पाहत असतो, आणि नाक उचलून उतार मोडण्याच्या त्या शेवटच्या सेकंदात उभी गती झपाट्याने बदलत असते. विमान उसळून दुसऱ्यांदा टेकले, तर ०३०सी मध्ये शेवटी दुसऱ्या आघाताचा आकडा उरतो. पहिला आघात टिपणारा प्रोग्राम आणि शेवटी पत्ता वाचणारा प्रोग्राम एकाच अवतरणाविषयी दोन वेगळ्या साक्षी देतात. धावपट्टी चढती असेल, तर जमीनच विमानाकडे वर येते आणि क्षितिजाच्या हिशेबाने मोजलेली उभी गती खऱ्या आघाताहून कमी दिसते. असे असूनही आकड्यातल्या आकड्यात स्पर्धा सुरू झाली आणि मिनिटाला ५० फुटांनी टेकलेल्या अवतरणाची फुशारकी मिरवली जाऊ लागली. खरा वैमानिक ओल्या धावपट्टीवर असे हळुवार टेकणे मुद्दाम टाळतो, कारण चाके पाण्याच्या थराला भेदून पट्टीला भिडली तरच ब्रेक लागतात, आणि हळुवार टेकण्यासाठी विमान तरंगत ठेवले तर तेवढी पट्टी मागे निघून जाते. नामंजुरीच्या नियमाने कठोर अवतरणाला शिक्षा ठेवली, लांब अवतरणाला ठेवली नाही. वैमानिकांनी आपले उड्डाण नियमाच्या मापाने बेतले, यात नवल नाही.

दहा हजार फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा हा दुसरा लाडका नियम. त्याचा उगम रक्तरंजित आहे. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर युनायटेडचे डीसी-८ आणि टीडब्ल्यूएचे सुपर कॉन्स्टेलेशन यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील १२८ आणि जमिनीवरील ६ माणसे मेली. डीसी-८ ठरलेल्या घिरटीच्या जागेपलीकडे फार वेगात निघून गेले होते. त्यानंतर अमेरिकेत विमानतळाजवळ आणि पुढे दहा हजार फुटांखाली सरसकट वेगाला मर्यादा आली. मात्र अमेरिकी नियमातच एक पळवाट सोडलेली आहे : विमानाचा किमान सुरक्षित वेगच याहून जास्त असेल, तर त्या वेगाने उडता येते. पूर्ण भरलेले बोइंग ७४७ पंखांच्या झडपा आत घेतल्यावर २५० नॉटला सुरक्षितपणे उडू शकत नाही. इतर देशांत वर्गवारीप्रमाणे काही हवाई क्षेत्रांत ही मर्यादा लागूच नसते, आणि नियंत्रकही ती उठवू शकतो. नियंत्रकाने दिलेली ही तोंडी मुभा एफएसयूआयपीसीच्या कोणत्याही पत्त्यावर वाचता येत नाही.

उंचीच्या नियमांची आणखी फटफजिती भूगोल करतो. दहा हजार फुटांवर अवतरणाचे दिवे बंद असले पाहिजेत, असे कंपनीने लिहिले आणि उंची समुद्रसपाटीपासून मोजली, तर लेहला उतरणारा प्रत्येक वैमानिक दोषी ठरतो, कारण तिथली धावपट्टीच सुमारे १०,७०० फुटांवर आहे. उलट टोकाला ॲमस्टरडॅमचे स्किफोल विमानतळ समुद्रसपाटीहून सुमारे ३ मीटर खाली आहे, आणि शून्याखालची उंची म्हणजे अपघात असे धरणारा नियम तिथे उभ्या विमानालाही कोसळलेले ठरवील. अर्ध्या तासाहून कमी वेळाची उड्डाणे तास उकळण्यासाठी केलेली असतात, असे समजून किमान वेळ ठरवावी, तर स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही वेळापत्रकातच दोन मिनिटांची असलेली खरीखुरी फेरी कायमची नामंजूर होते. जागतिक वेळेनुसार रात्री २३:४० ला निघून ०१:२५ ला पोचलेल्या विमानाची तारीख जमेस न धरली, तर उड्डाणाचा वेळ उणे निघतो. भारतीय वैमानिकाने हाताने भरलेल्या अहवालात निघण्याची वेळ जागतिक आणि पोचण्याची भारतीय लिहिली, तर साडेपाच तास फुकटचे चढतात. हा प्रमाद अनवधानाने होतो तितकाच जाणूनबुजूनही होत असावा.

या सगळ्या गमतीजमतींपलीकडे एक गंभीर भेद आहे. उड्डाणाच्या नोंदी नियमितपणे चाळून मर्यादेबाहेरचे प्रसंग शोधण्याची पद्धत खऱ्या कंपन्यांतही आहे. २७,००० किलोहून जास्त वजनाची विमाने चालवणाऱ्यांना आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १ जानेवारी २००५ पासून ती बंधनकारक केली. घाईचे, अस्थिर अवतरण, जास्त झुकाव, कठोर आघात असे तिथले प्रसंग आणि आभासी कंपनीच्या यादीतले प्रसंग जवळजवळ एकच आहेत. परंतु त्याच संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात असेही लिहिलेले आहे की हा कार्यक्रम दंडात्मक नसावा आणि माहिती ज्याच्याकडून आली त्याला पुरेसे संरक्षण असावे. कारण व्यवहारी आहे. शिक्षेच्या भीतीने वैमानिक अवघड परिस्थितीत फेरी मारून पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी आकडा सांभाळू लागला, आणि कठोर अवतरण स्वतःहून कळवायचे टाळू लागला, तर सांगाड्याला गेलेला तडा कोणाच्याच नजरेस येणार नाही. आभासी कंपनीत तडा जाण्यासारखा सांगाडा नाही, म्हणून हे बंधन तिथे कोणाला निकडीचे वाटले नाही. शिकाऊ सभासदाने आडव्या वाऱ्यात विमान आपटले तर त्याला दोन ओळींचे मार्गदर्शन मिळावे, हे काम पूर्वीचा व्यवस्थापक अहवाल वाचता वाचता करून टाकी. यंत्राने सभासदाच्या हाती ‘नामंजूर’ एवढाच शब्द ठेवला.

लबाडी आणि चूक यांची सरमिसळ हा या नियमावल्यांचा मूळ दोष मानावा लागतो. काळ सोळापट पळवणे ही लबाडी आहे आणि तिथे यंत्राचा निवाडा चोख असतो. आघात ६५० चा होणे ही बहुधा चूक असते, आणि उड्डाण संपता संपता संगणक बंद पडून अर्धवट नोंद जाणे ही तर दोन्हींपैकी काहीच नसते. अनुभवी कंपन्यांनी हळूहळू तिन्हींसाठी वेगळ्या वाटा केल्या. पहिल्या प्रकाराला थेट नामंजुरी राहिली, दुसऱ्याला शंभरातून गुण वजा होऊ लागले आणि तिसरा प्रकार, तसेच इंधन वा हवामानामुळे दुसऱ्या विमानतळाकडे वळलेले उड्डाण, प्रलंबित ठेवून माणसाकडे सोपवले जाऊ लागले. वैमानिकाला अहवालासोबत चार शब्दांचा खुलासा जोडण्याची जागा पुन्हा मिळाली. पण नामंजूर अहवाल ठरावीक तासांनी सर्व्हरवरून आपोआप पुसले जावेत, अशीही सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि ती सुरू ठेवलेल्या कंपनीत दाद मागणारा उशिरा जागा झाला तर ज्यावरून दाद मागायची ती नोंदच उरलेली नसते. नियम रचणाऱ्याने मर्यादेचे आकडे ठरवण्याआधी पाहावी अशी ही मांडणी आहे, आणि ती सहसा सर्वांत शेवटी पाहिली जाते.

सिम्युलेटर बदलला की नियमही जुने होतात. २००६ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने सिमकनेक्ट हा अधिकृत दुवा दिल्यावर बाहेरच्या प्रोग्रामांना स्मृतीतील पत्त्यांवर विसंबण्याची गरज कमी झाली. २००९ मध्ये कंपनीने हा सिम्युलेटर घडवणारा एसेस स्टुडिओ बंद केला, आणि त्यानंतरची दहा-अकरा वर्षे हौशी मंडळी त्याच आवृत्तीवर, लॉकहीड मार्टिनने तिच्यापासून पुढे नेलेल्या प्रीपार३डी वर वा एक्सप्लेनवर उडत राहिली. या स्थिर काळातच आजच्या बहुतेक नियमावल्या मुरल्या. ऑगस्ट २०२० मध्ये असोबो स्टुडिओने घडवलेला नवा सिम्युलेटर आला, त्यात विमान हवेत जागच्या जागी गोठवून बाकीची यंत्रणा चालू ठेवणारा थांब्याचा एक नवाच प्रकार होता. जुन्या थांब्याची खूण तपासणाऱ्या नियमाला तो ओळखू येण्याचे कारण नव्हते, आणि नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामांना स्थान बदलत नसूनही वेग दाखवणारे विमान हेरण्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागली.